नाक्यापलीकडची बार्शी

युसूफ वडगावच्या शिवारात तांदूळ पिकत नाही. केज तालुक्यातली ही जमीन ज्वारीची, तुरीची, करडईची. आता सोयाबीनची, आणि मांजरा धरणाचं पाणी पोचतं तिथवर उसाची. जुन्या घरांत तांदूळ असायचा तो एका लहानशा मडक्यात. आजारी माणसाला पेज, बाळंतिणीला मऊ भात, लग्नाच्या अक्षता आणि पाहुण्यांच्या पंगतीला पानावर एक मूद. बाकी वर्षभर भाकरी. त्यामुळं २० जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती बातमी आमच्या ओसरीवरचं कुणी कान देऊन ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. अण्णा मात्र बाजेवर उठून बसले.

"म्हंजे नाकं लावलं की रे," ते म्हणाले. "आता गिऱ्हाईक तुटतंय बघ."

अण्णा माझे थोरले चुलते. १९४८ ला पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, शाळा उर्दूतली. शेतमालाच्या भावाचा कुठलाही विषय निघाला की ते बार्शीवर येतात. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचं असंच आहे. कारण आपला गाव निजामाच्या मुलखात, म्हणजे मोगलाईत, आणि बार्शी इंग्रजी मुलखात. कळंब, येरमाळा ओलांडून बालाघाट उतरलं की दुसरं राज्य, दुसरा कायदा, दुसरा रुपया. मोगलाईत हाली सिक्का चालायचा, बार्शीत कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. लहानपणी हा हिशेब अण्णांना पाढ्यांसारखा पाठ होता आणि अजून आहे.

बार्शीचा बाजार मोठा झाला तो रेल्वेमुळं. १८९७ ला कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी लाईन आली आणि १९११ ला ती लातूरपर्यंत नेली. म्हणजे मोगलाईतसुद्धा गाडी होती, पण दाणा सरहद्दीपलीकडं न्यायचा तर मध्ये करोडगिरीचा नाका होताच. निजामाच्या राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर ही जकात बसायची. करोडगिरी भरून, गाडीभाडं धरून, बार्शीत कलदारात विकलेली ज्वारी जर अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, पेठेपेक्षा चार पैसे जास्त देत असेल तर आमचा आज्जा बैल जुंपायचा. दोन-तीन रात्रींचा प्रवास, गाडीत आठ-नऊ पोती. तिथल्या एका पेढीवर त्याचं खातं होतं. पेढीवाला सुगीच्या आधी थोडी उचल द्यायचा. मोगलाईतली ती टपोरी शाळू ज्वारी सोलापूरच्या गिरणगावात खपायची, असं आज्जा सांगत असे.

मग लढाई आली. १९४२ ला जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ हिंदुस्थानात यायचा बंद झाला. आमच्या गावानं रंगूनचा तांदूळ कधी पाहिला नव्हता, तरी त्याचा फटका इथवर आला. तांदूळ खाणाऱ्या मुलखांत तूट पडली, पुढच्याच साली बंगालात माणसं भुकेनं मेली, आणि जो तो प्रांत, जे ते संस्थान आपल्या हद्दीतला दाणा बाहेर जाऊ नये म्हणून दारं लावून बसलं. हैदराबाद संस्थानानं लेव्ही लावली. तेलंगणात भाताची, मराठवाड्यात ज्वारीची.

लेव्ही कशी होती हे अण्णा फार बारकाईनं सांगतात. पटवारी दप्तरातला पेरा बघून प्रत्येकाच्या नावावर दाणा लावायचा. किती पिकलं हे नंतर. किती द्यायचं हे आधी. भाव सरकारनं बांधलेला, हालीत, आणि पेठेतल्या भावापेक्षा खाली. ज्याची पटवाऱ्याशी, पाटलाशी ऊठबस त्याचा पेरा कागदावर आखडायचा. ज्याची नाही त्याला काही वेळा पेठेतून महाग ज्वारी विकत घेऊन सरकारला स्वस्तात घालावी लागे. आणि दाणा संस्थानाबाहेर न्यायला बंदी. करोडगिरी भरतो म्हटलं तरी नाही.

त्या वर्षांत पेवं पुन्हा भरायला लागली. पेव नव्या पोरांनी पाहिलेलं नसतं म्हणून जरा सांगतो. काळ्या रानात पेव खणत नाहीत, पाणी झिरपतं. ते गावाच्या पांढरीत खणायचं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट फुगीर. तळाला आणि कडेनं कडबा आणि कडुनिंबाचा पाला लावायचा, ज्वारी ओतायची, वरून पुन्हा कडबा, मग फरशी, मग चिखलानं लिंपून त्यावर माती. लिंपण वाळलं आणि वरून शेळ्या बांधल्या की खाली पंधरा-वीस पोती आहेत हे परक्याला कळायचं नाही. उघडताना घाई करून चालत नसे. फरशी काढली की आत कोंडलेली ऊब तोंडावर येते. घटकाभर थांबायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. आज्ज्याच्या वेळी शेजारच्या गावात एक गडी न थांबता उतरला तो वर आलाच नाही. पेवाच्या कडेची ज्वारी कळकते. तिच्या भाकरीला आंबूस वास येतो. ती घरात खायची आणि मधली पांढरी ज्वारी रात्री गाडीत भरायची.

कारण बार्शी सुटली नव्हती. चाकांना वंगण चांगलं घालून, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढून, नाका टाळून आडवाटेनं गाड्या जात. आज्जा दोन हंगाम गेला. तिसऱ्या हंगामात गाडी धरली गेली. ज्वारी गेली, एक बैल दंडापायी विकला. नंतर रझाकारांचे दिवस आले, सरहद्दीवर रात्री फिरायची सोयच उरली नाही. त्याच सुमारास तेलंगणात शेतकरी उठले होते. त्या लढ्याची कारणं पुष्कळ होती, वेठ होती, देशमुखांचा जुलूम होता. पण खळ्यावरून भात उचलून नेणारी लेव्ही त्यातलं एक कारण होतं. आमच्याकडं तसा उठाव झाला नाही. आमच्याकडं माणसं पेवावर शेळ्या बांधून गप्प बसली.

सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पण दाण्यावरची बंधनं त्याबरोबर गेली नाहीत. ती १९५४ पर्यंत राहिली. रफी अहमद किडवाई केंद्रात अन्नमंत्री असताना ती उठली. पुढच्या सुगीला आज्ज्यानं उजळ माथ्यानं गाडी भरली आणि सोळा-सतरा वर्षांच्या अण्णांना बरोबर घेतलं. हा प्रसंग अण्णा दर वेळी त्याच शब्दांत सांगतात. पेढीवाला ओळखीचं हसला, चहा पाजला, घरची विचारपूस केली. पोत्यात हात घालून ज्वारी तळव्यावर घेतली, फुंकली, दाणा दाताखाली धरला. "माल पहिल्यासारखाच आहे पाटील," तो म्हणाला. मग म्हणाला की आता माझा माल बार्शी-करमाळ्याच्याच गावांतून येतो. दहा-बारा वर्षं तेच देतात. तुमचं आज आलं, पुढच्या साली सरकारनं परत बंद केलं तर मी काय करू?

आज्ज्यानं ज्वारी दुसऱ्या पेढीवर, पडेल भावात घातली.

अण्णांचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे आणि मला तो पटतो. बंदीच्या काळात भाव किती बुडाला हे शेतकरी मोजतो, ते मोजता येतं. गिऱ्हाइकानं त्या काळात दुसऱ्याची वाट धरली, तिचं मोजमाप कुणाच्या वहीत येत नाही. आणि बांधलेला भाव उठला तरी ती वाट आपोआप मोडत नाही.

तांदळाच्या बाबतीत हे जगानं पाहिलं आहे. २००७ च्या शेवटी भारतानं बिगर-बासमतीची निर्यात रोखायला सुरुवात केली आणि एप्रिल २००८ पासून ती पुरती बंद केली. व्हिएतनामनंही हात आखडला. थायलंडचा तांदूळ त्या वर्षाच्या सुरुवातीला टनाला चारशे डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत हजारावर गेला. जगात तांदूळ कमी पिकला होता म्हणून हे झालं नाही. विकणाऱ्यांनी दारं लावली म्हणून झालं. आपली बंदी सप्टेंबर २०११ पर्यंत टिकली. त्या वर्षांत धान पिकवणाऱ्याला बाहेरचा चढा भाव दिसत होता आणि घ्यायची मुभा नव्हती. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानवाल्याची आणि आमच्या आज्ज्याची गत यात एकच.

भाव वरून बांधला तरी निर्यात मोडते, हे थायलंडनं त्याच सुमारास दाखवलं. २०११ ला यिंगलक शिनावात्रांच्या सरकारनं शेतकऱ्याकडून टनाला १५,००० बाथ दरानं धान घ्यायला सुरुवात केली. बाजारभावापेक्षा हा दर पुष्कळ वर होता. त्यांचा हिशेब असा की आपण तांदूळ गोदामात धरला की जगात टंचाई होईल, भाव चढेल, मग विकू. पण नेमकी तेव्हाच भारताची दारं उघडली. स्वस्त भारतीय तांदूळ बाजारात आला आणि २०१२ ला इतकी वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेला थायलंड भारत आणि व्हिएतनामच्या मागं गेला. त्यांची गोदामं भरून राहिली, शेतकऱ्यांचे पैसे थकले, २०१४ मध्ये सरकारही गेलं. आपण काही फार शहाणपणानं पहिले झालो असं नाही. दुसऱ्याच्या नाक्याचा फायदा आपल्याला झाला.

आणि २०२३ ला आपण परत नाकं लावलं. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या भारताचा. निवडणूक जवळ, पावसाची धास्ती. आधी सप्टेंबर २०२२ ला तुकडा तांदूळ बंद, जुलैत पांढरा बंद, ऑगस्टमध्ये उकड्यावर २० टक्के शुल्क, बासमतीला टनामागं १,२०० डॉलरची खालची मर्यादा. ती निर्यातदारांनी ओरड केल्यावर ९५० वर आणली. निर्यातीच्या धंद्यात सौदा आधी होतो, माल नंतर भरला जातो. भाव ठरलेला, जहाज ठरलेलं, पतपत्र आलेलं, आणि मधेच रातोरात हुकूम. ज्या बेनिन-सेनेगलसारख्या देशांत गरीब माणूस भारताचा तांदूळ खातो, तिथल्या व्यापाऱ्याला ताबडतोब थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तानचं दार ठोठवावं लागलं. थायी तांदूळ ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांत नव्हता एवढा चढला. व्हिएतनामनं त्या साली ८० लाख टनांच्या वर निर्यात केली, त्यांच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी. देशातला भाव मात्र बंदीनंतरही काही महिने उतरला नाही. २८ सप्टेंबर २०२४ ला दार उघडलं, आधी ४९० डॉलरची मर्यादा ठेवून, मग महिन्याभरात तीही काढून.

अण्णांशी इथं मी वाद घातला. म्हटलं, "अण्णा, तुमचं गिऱ्हाईक तुटलं तसं तांदळाचं तुटलं नाही. दार उघडल्यावरही भारत पहिलाच आहे."

"कशानं?" त्यांनी विचारलं.

कशानं, तर भाव पाडून. २०२५ मध्ये जगातला तांदूळ कित्येक वर्षांच्या तळाला गेला. आपली सरकारी गोदामं तुडुंब होती, आणि गेलेलं गिऱ्हाईक आणायचं तर बाकीच्यांपेक्षा स्वस्त व्हावं लागलं. चाळीस टक्के बाजार हातात असलेल्या देशाला हे परवडतं, कारण त्याच्यावाचून जगाचं अडतं. आठ पोती घेऊन बार्शीला जाणाऱ्याला परवडत नाही.

हे सगळं बोलणं चाललेलं असताना आत्या आत निवडत बसलेली असते. ती अण्णांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. तिला दिलं ते घर कोरडवाहू, चार एकर माळाचं. बार्शीची गोष्ट तिनं शंभरदा ऐकली आहे, आणि एकदा ती सूप बाजूला ठेवून बाहेर आली.

"दादा, तुमच्या पेवात तरी व्हतं," ती म्हणाली. "आमच्याकडं काय व्हतं?"

१९७२. सलग दुसरं वर्ष पाऊस गेलेला. आत्या कडेवर पोरगं घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामांवर गावंच्या गावं होती. दुपारी सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, घशाखाली उतरायची नाही, पण दर बांधलेला होता आणि मजुरीत बसत होता. "त्या साली पेठेच्या भावानं ज्वारी घ्यायची म्हटली असती तर माझं लेकरू वाचलं नसतं," आत्या म्हणाली. "भाव बांधू न्हाई म्हणणाऱ्यानं भुकेला कोण हाय ते आधी बघावं."

अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. मलाही आत्याच्या बोलण्यातलं अक्षर खोडता येत नाही. पण ती गेल्यावर मी बराच वेळ विचार केला तो असा. मिलो सरकारनं आणला, त्याचा भार तिजोरीवर पडला. म्हणजे थोडा थोडा सगळ्या देशावर. आज्ज्याची लेव्ही आणि बार्शीची बंदी यांचा भार फक्त पिकवणाऱ्यावर पडला. दोन्हीकडं भुकेल्याला स्वस्त दाणा मिळाला असं धरू. तरी एका ठिकाणी सरकारनं दाम मोजला आणि दुसऱ्या ठिकाणी सरकारनं दुसऱ्याच्या खिशातून मोजला. आत्याचं रेशन राहिलंच पाहिजे. ते बाजारभावानं घेऊन स्वस्तात द्यायला सरकारला कुणी अडवलेलं नाही. ते महाग पडतं, हिशेबात दिसतं, विधिमंडळात आणि संसदेत विचारलं जातं. नाकं लावायला एक कागद पुरतो. म्हणून नाकं लावलं जातं.

१९५४ ला उठलेली बंधनं कायमची उठली नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत आमच्याकडं ज्वारीवर पुन्हा लेव्ही आली, जिल्हाबंदी आली. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली, आपला कापूस राज्याबाहेर न्यायचा तर चोरून. त्यावर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं एवढं बोलून-लिहून ठेवलंय की मी नव्यानं काय सांगणार. मला तुरीचं सांगायचंय, कारण ती आमच्या बांधावरची आहे.

२००६ ला डाळींची निर्यात बंद झाली. काबुली हरभऱ्यासारखे किरकोळ अपवाद सोडले तर ती अकरा वर्षं बंद राहिली. युसूफ वडगावची तूर लातूरला जाते. लातूरच्या डाळमिली देशात नावाजलेल्या. जगात जिथं जिथं भारतीय माणूस राहतो तिथं वरण शिजतं, आणि त्या सगळ्या घरांना लातूरची फटका डाळ पुरवता आली असती. ते दार बंद. उलट आपण बाहेरून घेत होतो, म्यानमारहून, पूर्व आफ्रिकेतून. २०१५ ला तूरडाळ शहरांत किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि २०१६ ला मोझांबिकशी तूर आणायचा करारच झाला. त्याच साली आमच्याकडं पाऊस चांगला झाला. चढलेला भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली आणि देशात कधी नव्हे एवढी पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये. पेठेत भाव त्याच्या पार खाली.

माझा धाकटा भाऊ तेव्हा खरेदी केंद्राच्या रांगेत ट्रॅक्टर लावून बसला होता. बारदाना संपला म्हणून काटा बंद, बारदाना आला तर गोदाम भरलं म्हणून बंद. ट्रॉलीखाली सावलीत पथारी, घरून डबा, उन्हानं तुरीची पोती हाताला चटके देतायत. रांगेत नंबर लागेना तेव्हा त्यानं निम्मी तूर व्यापाऱ्याला घालून टाकली. बांधलेला भाव कागदावर खरा होता. तो त्याच्या हातात पडला फक्त उरलेल्या निम्म्याचा. देशात तूर ठेवायला जागा नाही आणि बाहेर विकायला परवानगी नाही, अशी ती सुगी गेली. निर्यात खुली झाली १५ सप्टेंबर २०१७ ला, तूर घरातून गेल्यावर.

आत्याचा मुलगा लातूरला एका डाळमिलीत मुनीम आहे. निर्यात खुली झाल्यानंतरच्या एका दिवाळीत तो मिलीतल्या गोष्टी सांगत होता. मालकानं मोठ्या उमेदीनं आखातातल्या व्यापाऱ्यांना नमुने पाठवले होते, पॉलिश केलेली आणि बिनपॉलिशची, दोन्ही. डाळ पसंत पडली. भावही फार लांब नव्हता. एका व्यापाऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं की एक कंटेनर घेतो, पण माझ्या दुकानदारांना मी वर्षभर हीच डाळ द्यायची कबूल करू का? मधेच तुमच्याकडं भाव चढला आणि सरकारनं बंद केलं तर?

मालकानं फोन हातात धरून मुनिमाकडं बघितलं. त्यानं काय सांगायचं होतं?

अण्णा हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मग घेतली का डाळ?"

"एक कंटेनर घेतली," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आफ्रिकेची घेतली."

अंगणात भावाची पोरं सोयाबीनच्या विक्रीच्या पट्ट्या वाचत होती. तुरीनंतर त्यानं रान सोयाबीनकडं वळवलं आहे. त्याचं तेल देशात राहतं आणि पेंडीतली काही परदेशी जाते. पेंडीला बाहेर भाव मिळाला तरच लातूरचा कारखानदार बीला भाव देतो. २०२१ मध्ये भाव दहा हजारांच्या घरात गेला तेव्हा सरकारनं ऑगस्टमध्ये परदेशी पेंड आणायला परवानगी दिली आणि डिसेंबरात वायदे बंद केले. २०२४ ला हमीभाव ४,८९२ असताना लातूरच्या सौद्यात सोयाबीन त्याच्या कितीतरी खाली निघत होतं. यंदा काय पेरायचं हे विचारायला भाऊ अण्णांकडं आला तेव्हा अण्णांनी आधी त्याला एकच विचारलं: पेरणीच्या आधी सरकारनं काही सांगितलंय का, की परत सुगीतच सांगणार?